पाच-दहा मिनिटं

भाचीबरोबर ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’ बघत बसले होते. सिनेमात ते चाकाच्या खुर्चीतले, सगळ्या जगावर नाराज असलेले आजोबा आले आणि तोंडात चिवडा असतानाच ती ओरडली, “मावशी, हे पांडाचे बाबा!” चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून ओळखलं तिनं. ‘कुंग फू पांडा’तला नूडल्सचं दुकान चालवणारा हंस-बाप, मिस्टर पिंग. मग विचारलं, “अजून कशात होते गं हे?” मला काय, निमित्तच हवं होतं. ‘मुलान’मधला तो खडूस सरकारी कारभारी यांच्याच आवाजात बोलतो. ‘चायनाटाऊन’मध्ये श्रीमंत बाईच्या घरचे नोकर, दार उघडायला येतात. ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेत हॉटेलात टेबलं देतात. ‘बिग बँग थिअरी’त पुन्हा हॉटेलच. ‘फ्रेंड्स’मध्ये मोनिकाच्या कोट्यधीश मित्राला मारामारी शिकवणारे गुरुजी. ‘ब्लेड रनर’मध्ये गारठलेल्या खोलीत बसून दुसऱ्यांसाठी डोळे बनवणारा म्हातारा. मी एकेक बोट मोडत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे कायम दुसऱ्याच कुणाची तरी कामं करत होते का ते?” आणि रिकामी वाटी उचलून आत गेली.

या वयाच्या मुलींना असले प्रश्न टाकून निघून जायची भारी खोड असते. मी मात्र अडकले. कारण या आजोबांबद्दल, म्हणजे जेम्स हाँग यांच्याबद्दल, कुठंही वाचायला घ्या, सुरुवात आकड्यानं होते. ६०० हून अधिक भूमिका. सत्तर वर्षांची कारकीर्द. अमेरिकेतल्या सगळ्यात जास्त काम केलेल्या नटांपैकी एक. हा आकडा वाचताना आपण आपोआप मान डोलावतो, एखाद्याच्या नावावर किती शतकं आहेत हे ऐकताना डोलवावी तशी. आणि त्या पोरीनं एका वाक्यात तो आकडा उलटा करून माझ्यापुढे ठेवला होता.

‘साइनफेल्ड’चा तो भाग मी त्यानंतर पुन्हा लावला. २३ मे १९९१ ला तो पहिल्यांदा दाखवला गेला. गोष्ट म्हणावी अशी त्यात काही नाहीच. तिघं मित्र चिनी हॉटेलात जेवायला जातात, टेबल मिळत नाही, वाट बघतात, कंटाळून निघून जातात. एकच जागा, एकच सलग वेळ. वाहिनीच्या लोकांना हे असलं काही दाखवायचं म्हणजे जिवावरच आलं होतं, ही हकिकत आता प्रसिद्ध आहे. पूर्वी बघताना माझं लक्ष त्या तिघांवर असायचं. एलेनला लागलेली भूक, जॉर्जचा फोनसाठी चाललेला जळफळाट, जेरीचे विनोद. या वेळी मी फक्त टेबलामागच्या माणसाकडे बघितलं. काळा कोट, पुढ्यात वही, शेजारी फोन. विचारलं की उत्तर ठरलेलं: पाच-दहा मिनिटं. मान वर न करता. आवाजात राग नाही, दिलगिरी तर नाहीच. एलेन त्याच्या हातात पैसे सरकवते, तो ते खिशात घालतो आणि टेबल भलत्यालाच देतो. फोन येतो, तो ‘कार्टराइट’ म्हणून हाक मारतो, कुणीच उठत नाही, फोन ठेवला जातो. तो फोन जॉर्जचा होता, हाक भलत्याच आडनावानं गेली. जॉर्जच्या आयुष्याची त्या संध्याकाळपुरती वाट लागते आणि याच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही.

रविवारी रात्री चांगल्या मालवणी हॉटेलच्या दाराशी वही घेऊन जो माणूस उभा असतो ना, त्याला मी ओळखते. नावं लिहून घेतो, आपल्याला फुटपाथवर उभं करतो, आतून तळलेल्या बांगड्याचा वास येत राहतो आणि दर वेळी विचारलं की तो वहीत बघितल्यासारखं करतो. तेवढ्या वेळापुरता शहरातला सगळ्यात ताकदवान माणूस तोच असतो. हाँग यांनी नेमकी ती ताकद पकडली आहे. संहितेनं त्यांना काहीही दिलेलं नाही. घर नाही, बायको नाही, भूतकाळ नाही, त्या तिघांबद्दल मतसुद्धा नाही. तरी बघताना खात्री वाटते की या माणसाच्या डोक्यात दुसरंच काहीतरी चाललंय. आतल्या मोठ्या पार्टीचं बिल असेल, सुट्टीवर गेलेला आचारी असेल. त्या बावीसेक मिनिटांत न्यूयॉर्कमधली तीन गोरी माणसं त्याच्या एका शब्दासाठी ताटकळत उभी असतात.

आणि शेवटी, ते कंटाळून बाहेर पडल्यावर, तो रिकाम्या जागेकडे बघून ‘साइनफेल्ड’ अशी जेरीच्या आडनावानं हाक मारतो. ती हाकही अगदी आधीच्याच सुरात. एखाद्या हावऱ्या नटानं तिथं डोळा मारला असता.

या माणसाची सुरुवात कुठली, तर रस्ते बांधण्यातली. १९२९ साली मिनियापोलिसमध्ये जन्म, लहानपणातली काही वर्षं हाँगकाँगमध्ये, मग परत. स्थापत्य अभियांत्रिकी शिकले, पदवी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची. लॉस एंजेलिस काउंटीच्या रस्तेखात्यात इंजिनिअर म्हणून लागले. सिव्हिल इंजिनिअर, सरकारी नोकरी! आमच्या घरात एवढ्यावर पेढे वाटून झाले असते आणि स्थळं बघायला सुरुवात झाली असती. हाँग मात्र सुट्ट्या टाकून चित्रीकरणाला जायला लागले. त्याआधी १९५४ मध्ये ग्राउचो मार्क्स या विनोदी नटाच्या प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमात जाऊन त्यांनी नकला केल्या होत्या. जेम्स स्टुअर्टची, पीटर लॉरेची आणि समोर बसलेल्या ग्राउचोची ग्राउचोसमोरच. लोकांना ते फार आवडलं. मला त्या नकलांचं राहून राहून नवल वाटतं. या मुलाला अमेरिकेतला कुठलाही आवाज काढता येत होता. पुढच्या अनेक वर्षांत त्याच्याकडून वारंवार मागितला गेला तो मात्र एकच, मोडक्या इंग्रजीचा.

१९५७ मध्ये त्यांना पहिलं मोठं काम मिळालं. चार्ली चॅन या होनोलुलूच्या चिनी गुप्तहेरावरची मालिका, त्यात चॅनचा थोरला मुलगा बॅरी. आता चार्ली चॅनची गंमत अशी की सिनेमात हे पात्र गाजवलं ते आधी वॉर्नर ओलंड या जन्मानं स्वीडिश असलेल्या नटानं, मग सिडनी टोलर या मिसुरीच्या माणसानं. मुलगे मात्र चिनी वंशाचे असायचे. बाप गोरा, पोरं चिनी, आणि हे कुणाला खटकत नव्हतं. टीव्हीवर बाप झाले जे. कॅरल नेइश, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले आयरिश वंशाचे. नेइशही साधासुधा माणूस नव्हता. इटालियन, मेक्सिकन, जपानी खलनायक असं सगळं करून बसलेला पट्टीचा चरित्रनट, दोनदा ऑस्करचं नामांकन मिळालेला. हाँग यांनी मुलाखतींत सांगितलेली हकिकत अशी की एकदा त्यांची संवाद म्हणायची वेळ चुकली, नेइश सगळ्यांदेखत भडकले, इथं काय चिनी नटांची शाळा उघडलीय का, अशा अर्थाचं काहीतरी बोलले आणि त्यानंतर हाँग यांना मालिकेतून नारळ मिळाला.

हा प्रसंग मला नेइश यांच्या बाजूनंही बघावासा वाटतो आणि बघितला की जास्तच अस्वस्थ व्हायला होतं. दोघांचा धंदा एकच. दिवसाच्या मजुरीवर चेहरे बदलायचे. पण नेइश यांना जगातला कुठलाही चेहरा लावायची मुभा होती, समोरच्या पोराला फक्त स्वतःचा. आणि तो स्वतःचा चेहराही बापाच्या भूमिकेत चालत नव्हता, तो मुलाच्याच भूमिकेत चालायचा. सिनेमातल्या चॅनचे थोरले चिरंजीव होते ‘की ल्यूक’ नावाचे नट. तेच पुढं ‘कुंग फू’ मालिकेतले अंध मास्टर पो. १९७२ च्या एका कार्टून मालिकेत अखेर त्यांना चार्ली चॅन होता आलं. चिनी वंशाच्या नटाला मिळालेला तो पहिला चॅन. पहिला खरा, पण नुसता ऐकू येणारा.

दुसऱ्या मुलाची गोष्ट याहून वाईट आहे. व्हिक्टर सेन युंग. सिनेमात चॅनचा दोन नंबरचा मुलगा, जिमी. पुढं १९५९ पासून ‘बोनान्झा’ या काउबॉय मालिकेत त्यांनी हॉप सिंग नावाचा आचारी केला. मालिका चौदा हंगाम चालली. एखाद-दुसरा भाग सोडला तर हॉप सिंग स्वयंपाकघरातून बाहेर आला की त्याच्या हातात ताट असायचं किंवा तोंडात कुरकुर. मधल्या काळात, १९७२ मध्ये, एका विमान अपहरणात प्रवासी म्हणून बसलेल्या सेन युंग यांना गोळी लागली, त्यातून ते वाचले. १९८० मध्ये घरी गॅसगळती होऊन गेले. टपालानं मातीची भांडी विकायचा छोटासा व्यवसाय ते तेव्हा करत होते. चौदा वर्षं ज्या घराण्याला जेवू घातलं त्यातल्या एकानं, थोरल्या मुलाचं काम करणाऱ्या पर्नेल रॉबर्ट्सनं, अंत्यविधीत त्यांच्याविषयी चार शब्द सांगितले. ‘बोनान्झा’तल्या त्या घराण्याचं आडनाव होतं कार्टराइट.

हॉटेलातली ती ‘कार्टराइट’ हाक लिहिताना लेखकांच्या डोक्यात हे काही असेल असं मला वाटत नाही. विनोदाला एक गोरं आडनाव हवं होतं, ते सापडलं. पण हे माहीत झाल्यापासून तो प्रसंग मला पूर्वीसारखा बघता येत नाही. चिनी माणूस कार्टराइटांना बोलावतोय आणि कुणी ओ देत नाही.

तर आकडा. ६०० भूमिका कशा होतात याचा मी थोडा विचार केला. त्या काळात अमेरिकन टीव्हीवर मालिकांचं पीक होतं. काउबॉय, पोलीस, वकील, हेर. प्रत्येक मालिकेला हंगामात कधीतरी चिनी वस्तीतली एखादी गोष्ट लागायची. लाँड्री, अफूचा अड्डा, गहाळ झालेली जेडची मूर्ती, आणि शीतयुद्ध तापल्यावर कम्युनिस्ट कर्नल. मग मोजक्या नटांपैकी कुणाला तरी फोन जायचा. दोन दिवसांचं काम, तिसऱ्या दिवशी घरी. हाँग ‘पेरी मेसन’मध्ये आहेत, ‘बोनान्झा’त आहेत, ‘हवाई फाइव्ह-ओ’मध्ये वेगवेगळी नावं घेऊन पुन्हा पुन्हा आहेत, ‘कुंग फू’तही तसेच. त्या ‘कुंग फू’चा नायक, अर्धा चिनी शाओलिन भिक्षू, होता डेव्हिड कॅरॅडीन, ज्याचा चीनशी संबंध तेवढ्या मालिकेपुरताच. पर्नेल रॉबर्ट्सच्या यादीत एका ओळीत सहा वर्षं मावतात. हाँग यांच्या यादीत एका वर्षाच्या डझनभर ओळी. ज्याला घरात ठेवून घेतलं त्याची यादी आखूड होते. दर वेळी ज्याला काम संपताच दार दाखवलं त्याची लांबत जाते.

हे लिहिलं आणि लगेच मलाच ते पुरेसं खरं वाटेना. कारण कीव करणं फार सोपं असतं आणि त्यात आपण वरच्या पायरीवर जाऊन बसतो. हाँग यांची कामं बघताना कीव येत नाही, हीच तर पंचाईत आहे. १९८६ च्या ‘बिग ट्रबल इन लिटल चायना’मधला त्यांचा लो पॅन बघा. हजारो वर्षं जगलेला, शाप लागलेला जादूगार, कधी लांब नखांचा देखणा राक्षस, कधी खुर्चीत आक्रसलेला थेरडा. कागदावर बघितलं तर पौर्वात्य खलनायकाचा तोच शिळा साचा. पण हाँग तो इतक्या चवीनं करतात की नायक कर्ट रसेल त्यांच्यापुढे पाहुणा वाटतो. म्हाताऱ्या लो पॅनची चिडचिड, लग्न जमत नाही म्हणून केलेला त्रागा! हजारो वर्षं बायको शोधतोय बिचारा. हसून हसून पुरेवाट होते. हा माणूस मजबुरीनं पाट्या टाकत होता असं म्हणायची माझी तरी छाती नाही. ‘ब्लेड रनर’मधला डोळे बनवणारा च्यू पडद्यावर जेमतेम काही मिनिटं आहे. कोट ओढून काढल्यावर थंडीनं त्याचे शब्द आखडत जातात ते बघा.

शिवाय ते गप्प बसून वाट बघत राहिले असंही नाही. १९६५ मध्ये माको आणि इतर काही नटांबरोबर त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये ‘ईस्ट वेस्ट प्लेअर्स’ ही नाटकमंडळी काढली. पहिलं नाटक ‘राशोमोन’. घराघरांत आचारी आणि धोबी म्हणून दिसणाऱ्या या लोकांना एका संध्याकाळपुरतं सामुराय, लाकूडतोड्या, दरोडेखोर होता आलं. एकच घटना आणि प्रत्येकाची सांगायची तऱ्हा वेगळी, असं ते नाटक. ज्यांच्या वाट्याला आजवर स्वतःची बाजू सांगायची संधीच आली नव्हती त्यांनी नेमकं हेच निवडावं याचं मला फार अप्रूप वाटतं. ही संस्था अजून चालू आहे.

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीला हे सगळं फोनवर सांगत होते तर ती म्हणाली, “आम्हाला काय सांगतेस?” ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेतला दुकानदार अपू, भारतीय, आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. ती नोकरीला लागली तेव्हा ऑफिसात एकजण रोज सकाळी तिला अपूच्या उच्चारात नमस्कार करायचा. वाईट हेतू नव्हता म्हणे त्याचा. ती हसायची. २०२० मध्ये अझारियानं तो आवाज काढणं थांबवलं तेव्हा तिची कॉलेजातली मुलगी खूश झाली आणि हिला मात्र उगाचच थोडं चुकल्यासारखं वाटलं. “इतकी वर्षं टीव्हीवर आपलं म्हणून तेवढं एकच तर होतं,” असं म्हणाली. मला काय बोलावं कळेना. मग ती सुरळीच्या वड्या कशा बिघडल्या ते सांगायला लागली.

आवाजांच्या या प्रकरणात आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. ‘कुंग फू पांडा’ आपल्याकडे कितीतरी घरांत हिंदीत बघितला गेला. मीही पहिल्यांदा हिंदीतच बघितला. म्हणजे मिस्टर पिंगच्या लाडिक, काळजीखोर, ‘जेवलास का’ थाटाच्या बोलण्यावर आपण भाळलो तो आवाज हाँग यांचा नव्हताच. याच्यातही एक वर्तुळ आहे. पन्नासच्या दशकात ‘गॉडझिला’ जपानहून अमेरिकेत आला तेव्हा त्यातल्या जपानी नटांना इंग्रजी आवाज देणाऱ्यांत तरुण हाँग होते. सॅमी टाँग नावाच्या दुसऱ्या नटाबरोबर बंद खोलीत बसून त्यांनी एकामागून एक पात्रं उडवली. तेव्हा त्यांचा आवाज होता आणि चेहरा दुसऱ्याचा. पांडाच्या वेळी आपल्यापर्यंत पोचला तो हंसाचा चेहरा आणि दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज.

हॉलिवूडच्या ‘वॉक ऑफ फेम’ या फुटपाथवर आपल्या नावाचा तारा हवा असेल तर पैसे भरावे लागतात, हे मला हाँग यांच्यामुळे कळलं. सहसा स्टुडिओ वगैरे भरतात. हाँग यांच्यामागे असं कुणी नव्हतं. २०२० मध्ये डॅनियल डे किम या नटानं लोकांकडून वर्गणी काढायला सुरुवात केली आणि ५५ हजार डॉलर थोड्याच दिवसांत जमले. १० मे २०२२ ला तारा बसला. हाँग ९३ वर्षांचे होते. तिथवर हा मान मिळालेल्यांत सर्वांत वयस्क. ही बातमी कौतुकानं द्यायची असते, तशी सगळ्यांनी दिली. मला आधी राग आला, मग त्या वर्गणीदारांचा विचार करून बरं वाटलं. कुणी पाच डॉलर दिले असतील, कुणी वीस. एलेननं दिलेल्या पैशांसारखे हे खिशात घालून टेबल भलत्यालाच गेलं नाही, एवढं तरी झालं.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर’च्या सगळ्या नटसंचाला अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. मिशेल यो, की ह्वी क्वान, सगळे मंचावर होते आणि बोलायला पुढं आणलं ते हाँग यांना. चारच दिवसांपूर्वी ९४ पूर्ण झालेले. माझा पहिला सिनेमा क्लार्क गेबलबरोबर होता, म्हणाले. लोक हसले. ते खरंच होतं, १९५५ चा ‘सोल्जर ऑफ फॉर्च्युन’. मग त्यांनी सांगितलं की त्या काळी आशियाई माणसाची मोठी भूमिका गोरे नट डोळ्यांना चिकटपट्ट्या लावून करायचे आणि कसं बोलायचे, तर असं. आणि त्यांनी तो आवाज काढून दाखवला. तोच बनावट, तुटक, टीव्हीवरचा चिनी आवाज. सभागृह हसून कोसळलं. ग्राउचोसमोर ग्राउचोची नक्कल करणारा पोरगा मला तिथं पुन्हा दिसला. फक्त या वेळी नक्कल त्यांची होती ज्यांनी आयुष्यभर त्याची केली. निर्मात्यांना आम्ही पुरेसे चांगले वाटत नव्हतो, आमच्यावर तिकिटं खपत नाहीत म्हणायचे, आणि आता बघा, असं सांगून त्यांनी मागं उभ्या असलेल्या आपल्या मंडळींकडे हात केला. शंभर वर्षांचा झालो की परत येईन म्हणाले. वर्षभरानं पांडाचा चौथा भाग आला, त्यात पोराच्या काळजीनं घर सोडून निघालेले मिस्टर पिंग होतेच. वय ९५.